'युजर फी'ला मराठीत काय म्हणावं? ('उपभोक्ता शुल्क' नको)

मृण्मयी
घाना, युगांडा, केनिया इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या कारभारात १९८०नंतर जे बदल झाले, त्यावरच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतेय. वाचक समाजकार्याचे विद्यार्थी. 'युजर फी' पानोपानी आहे, म्हणजे सरकारी दवाखान्यात गेल्यावर माणसाने तिथल्या तिथे भरायचे पैसे. मी आधी 'उपभोक्ता शुल्क' लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तापाने फणफणलेला माणूस कसला गं उपभोग घेतो?" तेव्हापासून तो शब्द हातून उतरत नाही. 'वापरशुल्क' लिहिलं की सार्वजनिक शौचालयाची पाटी आठवते. सुचवा.

दिगंबर
आईंचं बरोबर आहे. हिंदीत उपभोक्ता म्हणजे ग्राहक. मराठीत उपभोग म्हटलं की सुखासीनता आली. 'सेवाशुल्क' लिहा आणि पुढे चला.

सुनंदा (निवृत्त परिचारिका)
सेवाशुल्क बँकेत कापतात. दवाखान्यात आम्ही सगळे 'केसपेपर' म्हणायचो. "केसपेपरचे पैसे भरले का?" एवढं म्हटलं की कुणालाही कळायचं.
तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात मी बरीच वर्षं होते. बायका नाणं रुमालाच्या गाठीत बांधून आणायच्या, गाठ सुटेना की दाताने सोडायच्या. एकदा एक आजी नातवाला घेऊन आल्या, जुलाब होत होते. केसपेपर पाच रुपयांचा, त्यांच्याकडे पन्नासची नोट. खिडकीतून सांगितलं, सुट्टे आणा. आजी सुट्ट्यासाठी बाजारात गेल्या ते परत येईपर्यंत ओपीडी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी मूल आलं तेव्हा डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. सलाईनवर वाचलं. त्या पाच रुपयांना तुम्ही शुल्क म्हणा नाहीतर आणखी काही, मला ती गाठच दिसते.

अरुण, नाशिक
पाणीपट्टी, घरपट्टी तशी 'दवाखानापट्टी'. अस्सल मराठी, संस्कृतची गरज नाही.

मृण्मयी
सुनंदाताई, हे वाचून थांबले काही वेळ.
अरुण, पट्टीत एक अडचण आहे. नळ कोरडा राहिला तरी पाणीपट्टी येतेच आणि ती सगळ्या घरांना येते. इथे फक्त जो आजारी पडला त्याच्याकडून, आणि आजारी असतानाच, पैसे घेतले जातात. या सगळ्या धोरणाबद्दलचा वाद नेमका तिथेच आहे. 'पट्टी'त तो पुसला जाईल.

वैजयंती
मराठीला यासाठी स्वतःचा प्रत्यय आहे आणि आपण तो विसरत चाललो आहोत! दळण्याचे पैसे दळणावळ, शिवण्याचे शिवणावळ, धुण्याचे धुणावळ, दागिना घडवण्याचे घडणावळ. मग तपासण्याचे 'तपासणावळ'. माझी आजी डॉक्टरांच्या फीला हाच शब्द वापरायची.

दिगंबर
मग 'जेवणावळ' म्हणजे जेवणाचे पैसे का? ती तर पंगत. ही 'आवळ' संस्कृत 'आवली'तून आली, आवली म्हणजे ओळ. दीपावली, तशी जेवणावळ.

वैजयंती
दोन वेगळे प्रत्यय सारखे दिसतात, इतकंच. शिवणावळीत कसली ओळ? टाक्यांची म्हणाल तर हात टेकले.

इंदूरवासी
'तपासणावळ' कानाला गोड आहे, पण घडणावळ सोनाराच्या हाती जाते. दवाखान्यातले पैसे डॉक्टरला मिळत नाहीत. ते कुठे जातात यावरच तर सुधारणेचा सगळा भर होता. आमच्या गावाचं उदाहरण देतो. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि इथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट. अख्खं रुग्णालय रिकामं करून उंदीर मारले, सफाई केली, लोकांनी पैसे दिले. त्यातून 'रोगी कल्याण समिती' निघाली. फीचे पैसे सरकारी तिजोरीत न जाता समितीकडे राहायचे आणि तिथेच खर्च व्हायचे. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तशा समित्या देशभर नेल्या. महाराष्ट्रात नाव झालं 'रुग्ण कल्याण समिती'.

अरुण, नाशिक
बरं झालं बदललं. मराठीत 'रोगी' म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं.

दिगंबर
'रुग्ण' काही सौम्य नाही. 'रुज्' धातू, अर्थ मोडणे. रुग्ण म्हणजे मोडलेला.

सुनंदा (निवृत्त परिचारिका)
वॉर्डात आम्ही दोन्ही म्हणत नसू. पेशंट. नाहीतर 'खाट नंबर सहा'. आता कागदोपत्री 'लाभार्थी' आलाय, तो मला सगळ्यात खुपतो. बाळंत होणारी बाई कसला लाभ उकळायला येते?

मृण्मयी
'लाभार्थी' माझ्याही प्रकरणात येणार आहे, पण आधी फी. केनियात २००४ साली सगळ्या छोट्यामोठ्या फिया काढून प्राथमिक केंद्रांत फक्त नोंदणीचे पैसे ठेवले: छोट्या दवाखान्यात १० शिलिंग, आरोग्य केंद्रात २०. हा तर सरळ आपला केसपेपर! पण घानात १९८५नंतर जी फी वाढली तिच्यात औषधांचेही पैसे आले, आणि लोक त्या पद्धतीला 'कॅश अँड कॅरी' म्हणू लागले. २००३मध्ये आरोग्य विम्याचा कायदा करून ती मोडायला घेतली. दोन्हीला एकच शब्द कसा लावू?

वैजयंती
'कॅश अँड कॅरी'साठी दुकानातली पाटी घ्या: 'आज रोख, उद्या उधार'. वाचणाऱ्याला क्षणात कळेल.

इंदूरवासी
त्या पाटीत उधारीची निदान आशा तरी आहे. तिथे आधी पैसे, मग औषध. 'रोख द्या, औषध न्या' जवळचं.

अरुण, नाशिक
आणि फी काढून टाकली तर काय म्हणायचं? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झाले. आमच्याकडे एका पाटीवर 'निःशुल्क' रंगवलंय. हे हिंदी आहे. विनामूल्य म्हणा.

दिगंबर
तुमचं 'मोफत' तरी कुठलं? फारसीतलं. तीनशे वर्षं वापरलं म्हणून घरचं झालं. 'निःशुल्क'लाही थोडा वेळ द्या.

सुनंदा (निवृत्त परिचारिका)
लोक 'फुकट' म्हणतात, आणि फुकट म्हटलं की माणूस ओशाळतो. 'मोफत'मध्ये ते नाही. युगांडाचं काय झालं?

मृण्मयी
२००१च्या मार्चमध्ये तिथे सरकारी दवाखान्यांतली फी बंद केली, फक्त रुग्णालयांचे खासगी कक्ष वगळून. गर्दी भराभर वाढली, त्यात गरीब जास्त. म्हणजे आधी ते कुठे होते, हा प्रश्न. औषधं मात्र लवकर संपू लागली. झांबियाने २००६मध्ये ग्रामीण भागापुरती फी काढली.
सध्या 'केसपेपरचे पैसे' आणि 'औषधोपचाराची फी' असे दोन शब्द ठेवतेय, 'शुल्क' कुठेच नाही. संपादक म्हणतील, परिभाषा हवी. सोमवारी मजकूर द्यायचा आहे.

दिगंबर
'शुल्क' असं टाकू नका. कौटिल्याच्या काळी शुल्क म्हणजे जकात, वेशीवर घ्यायची. दवाखान्याच्या दारात घेतलेल्या पैशांना याहून नेमका शब्द कुठला?

वैजयंती
मग सरळ 'जकात'च लिहा ना! आणि 'जेवणावळ'चं मी शोधून ठेवलंय, उद्या सविस्तर टाकते.