मदत हवी आहे : 1966 ची जीटीओ, तीन कार्बोरेटर, आयडल खाली येत नाही

मंडळी, गाडी पाँटिअ‍ॅक जीटीओ, 1966. 389 घनइंची व्ही-8, चार गिअर, आणि वर ओळीने रॉचेस्टरचे तीन दोन-बॅरल (दोन नळ्यांचे) कार्बोरेटर, म्हणजे ट्राय-पॉवर. पुढच्याच वर्षी कंपनीने तिन्ही काढून एक चार-बॅरल बसवला, त्यामुळे ही त्या रचनेची शेवटची पिढी. मी मिशिगनमध्ये राहतो. लहानपणी वडिलांसोबत पद्मिनीचा कार्बोरेटर अनेकदा खोललाय, पण तीन एकत्र पहिल्यांदाच हाताळतोय.

हिवाळ्यात तिन्ही खोलून साफ केले. टोकाच्या दोघांत पेट्रोल सुकून वार्निशसारखा थर बसला होता. सावकाश चालवलं की इंजिन मधल्या एकावरच चालतं, बाकीच्या दोघांतलं पेट्रोल नुसतं पडून राहतं. पाती (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकत्या), जेट, फ्लोट, सगळं सुटं केलं, नवी किट घातली.

आता गार इंजिन एका चावीत सुरू होतं. गरम होऊन चोक पूर्ण उघडला की आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग, 1150 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) अडकतो. मला 700 च्या आसपास हवाय. मधल्या कार्बोरेटरचा आयडल स्क्रू इतका मागे घेतलाय की तो लिव्हरला टेकतही नाही. चावी बंद केल्यावरही इंजिन गचके देत तीन-चार फेरे मारतं.

बुडाच्या गॅसकेटभोवती न पेटवलेल्या प्रोपेनची नळी फिरवली, आरपीएम हलला नाही. व्हॅक्यूम होज नवे आहेत. फ्लोटची उंची दोनदा मोजली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, 6 अंशांवर लावलं होतं, पण आता टायमिंग लाइट मारला तर 11 दिसतंय, डिस्ट्रिब्युटरला (ठिणगी वाटणाऱ्या भागाला) हात न लावता! टायमिंग मागे घेऊ का? जूनमध्ये लेकीच्या पदवीदानाला हीच गाडी न्यायची आहे, तिला तसा शब्द दिलाय.

प्रतिसाद

दादा, डिस्ट्रिब्युटरला अजिबात हात लावू नका. वेग वाढला की त्याच्या आतली वजनं फाकतात आणि टायमिंग पुढे नेतात; 1150 वर ती फाकायला लागली असणार, म्हणून टायमिंग पुढे दिसतंय. आधी आयडल खाली आणा, मग मोजा.

मधला पूर्ण मिटलाय, गॅसकेटमधून गळती नाही, तरी इंजिनाला हवा मिळतेय. मग ती टोकाच्या दोघांतूनच येणार. त्या दोघांना आयडल स्क्रू नाहीत, त्यांची पाती आयडलला घट्ट मिटलीच पाहिजेत. मी एका '65 वर यातच अख्खा उन्हाळा घालवलाय.

इंजिन गरम असताना एअर क्लीनर काढा आणि जाड पुठ्ठा आधी पुढच्याच्या तोंडावर दाबा, मग मागच्याच्या. ज्याच्यावर आरपीएम पडेल तो चोर. त्याची लिंकेजची (तिन्ही कार्बोरेटर जोडणारी) दांडी सोडवून परत बघा. दांडी काढल्यावर आयडल उतरला तर दांडी आखूड पडतेय, नाही तर दोष पात्यात. पाती सुटी केली होती म्हणता, तर त्यांच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात हे लक्षात घ्या. उलटी बसली की फट राहते.

धागाकर्ता

पुढच्यावर पुठ्ठा ठेवला तर जेमतेम 20 चा फरक. मागच्यावर ठेवताच 1150 वरून थेट 760! दांडी काढूनही तेच. उतरवून दिव्यासमोर धरला, तर एका पात्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा उजेड. ते मीच उलटं बसवलं होतं.

प्रतिसाद

पातं सुलट करा, स्क्रू ढिले ठेवून लिव्हर दोन-तीनदा झटक्याने मिटवा, पातं आपोआप मधोमध बसेल. मग आवळा. स्क्रू नवेच घ्या, थ्रेड लॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि स्क्रूची मागची टोकं फाकवा. यात हयगय नको, एक जरी सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जाईल.

धागाकर्ता

केलं. आयडल 710, टायमिंग हात न लावता 6 वर परत, चावी फिरवताच इंजिन जागच्या जागी थांबतं. आज हायवेला पाय पूर्ण दाबला, तिन्ही उघडले तेव्हा तो खोल आवाज ऐकून मागे बसलेली लेक ओरडलीच. मनापासून आभार. आता दर आठवड्याला एकदा तरी तिन्ही उघडतील असं चालवणार आहे, म्हणजे टोकाच्यांत पेट्रोल शिळं होणार नाही.