प्रति: रॅपामायसिन आणि म्हातारपणची प्रतिकारशक्ती

आयुष्य वाढावं म्हणून काही जण रॅपामायसिन घेतात. पण किडनी बदललेल्यांची प्रतिकारशक्ती दाबायला जे औषध देतात, तेच हे; म्हातारपणी ते घेणं म्हणजे आजाराला आवतण, असा त्यावर आक्षेप आहे. पूर्ण मात्रेपुरतं मान्य, सरसकट नाही. रॅपामायसिनच्याच कुळातलं एव्हरोलिमस पासष्टीपुढच्या स्वयंसेवकांना ६ आठवडे कमी मात्रेत दिलं, मग २ आठवडे थांबून फ्लूची लस टोचली. लसीने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी सुधारलं. २०१४ साली आलेला हा अभ्यास. रोज अर्धा किंवा आठवड्यातून एकदा ५ मिलिग्रॅम एवढ्यावर काम भागलं. आठवड्याला २० घेणाऱ्यांना त्रासच जास्त झाला.

म्हणून लगेच मेडिकलमध्ये धावू नका. शरीरात त्याच प्रकारे काम करणारं आरटीबी१०१ हे औषध २०१९ मध्ये माणसांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात आपटलं. तिथे प्रतिपिंडं मोजली नाहीत, माणसं खोकला-तापाने कमी आजारी पडतात का हे पाहिलं. नाही पडली कमी. माझ्या मते खरी परीक्षा हीच. शिवाय किडनी बदलल्यावर आमच्या आत्याला हेच रॅपामायसिन होतं (सिरोलिमस या नावाने मिळतं). तोंड इतकं यायचं की साधं वरणही झोंबायचं, कोलेस्टेरॉल वाढलं ते वेगळंच. आणि नायट्यासाठी आपल्याकडे सर्रास घेतात त्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सोबत पोटात गेल्या, तर रक्तातलं रॅपामायसिन कितीतरी पटींनी वाढतं. चिठ्ठीशिवाय मागवणाऱ्यांपैकी किती जण हे बघतात?