मदत हवी आहे : घरगुती क्रीममध्ये ताजी कोरफड घालावी का?

नमस्कार. माका, जास्वंद आणि कढीपत्ता घालून उकळलेले तेल आमच्याकडे आजीच्या काळापासून होते, त्यामुळे तेलाचे भय नाही. आता मात्र चेहऱ्याचे साधे क्रीम आणि केसांचा कंडिशनर, प्रत्येक घटक वजनाच्या टक्केवारीत मोजून, रीतसर करायला शिकायचे आहे.

तेल आणि पाणी वेगवेगळे ७० ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून इमल्सिफायिंग वॅक्सने एकजीव करायचे, एवढे समजले आहे. पाणी आले की बुरशी आणि जिवाणू आलेच. व्हिटॅमिन ई तेलाचे खवट होणे लांबवते, पण जिवाणूंना रोखत नाही, हे कित्येक व्हिडिओंत सांगतच नाहीत, याचे नवल वाटते. जिवाणूंना रोखणारे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) म्हणून फिनॉक्सिइथेनॉल जास्तीत जास्त १ टक्का वापरतात. पण पाण्याऐवजी कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर गाळून घातला, तर तेवढ्याने भागेल का, की ताजा गर टाळून डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे?

शिवाय १०० ग्रॅम क्रीमला हे परिरक्षक जेमतेम १ ग्रॅम लागते आणि स्वयंपाकघरातला काटा त्याखालचे दाखवत नाही, तेव्हा सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्यावा का? पीएचची (आम्लता मोजायची) पट्टी घट्ट क्रीममध्ये बुडवल्यास रंग नीट उमटत नाही. आपण कसे मोजता?

विक्रीचा विचार नाही, घरापुरतेच करायचे आहे. पुण्यात कच्चा माल ५०-१०० ग्रॅममध्ये देणारे दुकान माहीत असल्यास कृपया कळवावे.