इंटरकॉन्टिनेंटल कप : विश्वविजेतेपद की नुसता मैत्रीपूर्ण सामना?

ऑफसाइड (मूळ लेखन)
फिफाच्या परिषदेने २७ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात बसून, १९६० ते २००४ या काळात इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकणाऱ्या सर्व फुटबॉल क्लबांना विश्वविजेते ठरवले. मागची तारीख टाकून दिलेल्या या दाखल्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. युरोप आणि दक्षिण अमेरिका या दोनच खंडांचे विजेते एकमेकांशी खेळत, आफ्रिका आणि आशिया खिजगणतीतही नसत आणि युरोपचे कित्येक विजेते तर जायलाच नकार देत. याला प्रदर्शनीय सामना म्हणतात.

डाव्या बगलेचा
हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मैत्रीपूर्ण हा शिक्का खेळणाऱ्यांनी मारलेला नव्हता. युएफा (युरोप) आणि कॉन्मेबॉल (दक्षिण अमेरिका) या दोन महासंघांनी परस्पर सुरू केलेली स्पर्धा आपल्या हाताबाहेरची आहे, हे फिफाला खुपत होते आणि म्हणूनच १९६१ मध्ये, खासगी मैत्रीपूर्ण सामना म्हणून खेळणार असाल तरच खेळा, अशी अट तिने घातली. कार्यालयातल्या त्या रुसव्याशी मैदानाचा काय संबंध? पहिल्याच वर्षी उरुग्वेच्या पेन्यारोलने माँटेव्हिडिओत रेआल माद्रिदला गोलशून्य बरोबरीत रोखले, तेव्हा माद्रिदमधल्या परतीच्या सामन्यात रेआलने, म्हणजे डी स्टेफानो आणि पुश्काश यांच्या संघाने, पेन्यारोलला ५-१ असे धुतले. पाहुणचार असा नसतो.

मडगावकर
माझे मामा १९६२ मध्ये लिस्बनला नोकरीला होते. गोवा मुक्त होऊन वर्षही झाले नव्हते आणि तिथल्या गोवेकरांची मनःस्थिती काय होती, हे इथे लिहीत बसत नाही. ११ ऑक्टोबरला ब्राझीलचा सांतोस लिस्बनच्या बेनफिकाच्या मैदानावर उतरला आणि पेलेने तीन गोल केले. पाच गोल खाल्ल्यावर मग कुठे बेनफिकाला अखेरच्या मिनिटांत दोन करता आले. दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणी कोणाशी धड बोलत नव्हते, असे मामा शेवटपर्यंत सांगत. मैत्रीपूर्ण सामना हरल्यावर एवढे सुतक कोणी पाळते का?

ऑफसाइड
मडगावकर, आपल्या मामांविषयी आदर आहे, पण मामांची आठवण हा पुरावा नव्हे. युरोपच्या विजेत्यांपैकी आयाक्सने १९७१ आणि १९७३ मध्ये, बायर्नने १९७४ मध्ये, लिव्हरपूलने १९७७ मध्ये आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ मध्ये नकार दिला. १९७५ आणि १९७८ मध्ये तर स्पर्धाच झाली नाही. सर्वांत विनोदी प्रकार १९७४ चा आहे. युरोपियन कपच्या अंतिम फेरीत बायर्नकडून हरलेला अॅटलेटिको माद्रिद बदली म्हणून गेला, जिंकला आणि आता तो विश्वविजेता! स्वतःच्या खंडाचा कप ज्याने कधीच जिंकलेला नाही, तो जगाचा विजेता कसा, हे कोणी तरी समजावून सांगावे.

अनघा_१०
ते का गेले नाहीत, हे सांगायचे आपण सोयीस्करपणे टाळलेत. १९६७ मध्ये अर्जेंटिनाच्या रेसिंगविरुद्ध सेल्टिकचा गोलरक्षक सिम्पसन सामना सुरू होण्यापूर्वीच डोक्यात काही तरी लागून जायबंदी झाला, आणि माँटेव्हिडिओतील निर्णायक सामन्यात सहा खेळाडू बाहेर काढावे लागले. १९६९ मध्ये अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेसने मिलानच्या खेळाडूंना असे बडवले की अर्जेंटिनाच्याच सरकारने आपल्या खेळाडूंना तुरुंगात टाकले. अशा ठिकाणी कोण पाय मोडून घ्यायला जाईल?

डाव्या बगलेचा
सहांपैकी चार सेल्टिकचे होते, अनघाताई. तेवढे मात्र लिहायचे राहिले. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या प्रशिक्षकांनी अर्जेंटिनाच्या खेळाडूंना जनावरांच्या पंक्तीला बसवले होते, त्याचा राग वर्षभरात निवला असेल असे आपल्याला वाटते काय?

अनघा_१०
सेल्टिक हा स्कॉटलंडचा क्लब आहे. इंग्लंडच्या प्रशिक्षकाचा सूड स्कॉटिश गोलरक्षकाच्या डोक्यावर उगवणे आपल्याला न्याय्य वाटत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि १९७१ मध्ये उरुग्वेच्या नासिओनालविरुद्ध ग्रीसच्या पानाथिनाइकोसच्या तोमारासचा पाय खरोखरच मोडला, तोही अथेन्समध्ये, स्वतःच्या घरी. त्याचे खापर आता कोणावर फोडणार आहात?

डाव्या बगलेचा
न्याय्य म्हणालो नाही, कारण सांगितले. वाचण्याची तसदी घेतली असती तर दिसले असते.

पूर्व_स्टँड
हाणामारी पुरे. १९५१ मध्ये ब्राझीलमध्ये दोन्ही खंडांतील आठ क्लब जमले आणि पालमेरासने युव्हेंटसला हरवून ती स्पर्धा जिंकली. कोलकात्याच्या यादीत तिला जागा नाही, आणि इथे कोणाला त्याचे दुःखही नाही! आपल्याकडच्या मंडळींना इंग्लंडमधल्या राखीव खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात, पण पालमेरास कोणत्या शहरातला, हे विचारले की शांतता पसरते.

मडगावकर
साओ पावलो. आता मूळ मुद्द्याकडे वळू या का? ऑफसाइड, १९८० पासून टोकियोत एकच सामना होऊ लागला आणि त्यानंतर नकार देण्याची प्रथाही संपली. १९८१ मध्ये झिकोच्या, ब्राझीलच्या फ्लामेंगोने पूर्वार्धातच लिव्हरपूलला तीन गोल दिले. लिव्हरपूलने तो सामना मनावर घेतला नव्हता, हे इंग्रजी रडगाणे आपण गाणार नाही, अशी आशा आहे.

ऑफसाइड
गाणार नाही. १९६२ चा सांतोस आणि १९८१ चा फ्लामेंगो आपल्याला बहाल केले. मामांच्या स्मृतीसाठी म्हणा हवे तर. अॅटलेटिको मात्र मिळणार नाही.

मडगावकर
बहाल करणारे आपण कोण? अॅटलेटिको पहिला सामना ०-१ असा हरला आणि परतीचा २-० जिंकला. समोरचा अर्जेंटिनाचा इंडिपेंडिएंटे फुकट हरायला माद्रिदला गेला होता काय?