शब्दचर्चा : ‘विश्वासार्हता’, ‘पत’ आणि जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचा कर

निळाई
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जर्मनीतल्या ग्रीन या पर्यावरणवादी पक्षावर लिहितेय. मी श्टुटगार्टजवळ राहते. पक्षाचा देशातला पहिला मुख्यमंत्री २०११ साली आमच्याच राज्यात झाला, त्यामुळे विषय घरचाच आहे. लेख पक्षाच्या करधोरणावर आणि त्यावरून होणाऱ्या भांडणांवर आहे. गाडी एका शब्दावर अडलीय. इथे या वादात दर दोन वाक्यांनी ‘ग्लाउबव्युर्डिशकाइट’ येतं. ग्लाउबेन म्हणजे विश्वास ठेवणं, व्युर्डिश म्हणजे लायक. थोडक्यात, विश्वासार्हता. पण चौथ्यांदा लिहिताना माझीच जीभ अडखळली. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “लोकांचा भरवसा नाही, एवढंच ना?” एवढंच नाही असं वाटतंय, पण काय ते सांगता येईना.
शिवाय पक्षाला काय म्हणू? हरित, हिरवा की ग्रीन?

तिरकस
‘हिरवा पक्ष’ नको. आपल्याकडे हिरवा म्हटलं की आधी झेंडा डोळ्यांपुढे येतो, आणि ‘हिरवट’ म्हातारा कोणाला म्हणतात ते सांगायला नको. ‘हरित’ला सरकारी वास आहे : हरित क्रांती, हरित लवाद. सरळ ग्रीन पक्ष लिहा. त्यांचे विरोधक त्यांना कलिंगड म्हणतात ना, वरून हिरवं, आत लाल? ते मात्र जसंच्या तसं घ्या.

यास्काचा शेजारी
एक गंमत. लॅटिन ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ एकाच मुळातून आलेल्या बहिणी. त्या क्रेडोच्या घरातच क्रेडिट जन्मलं. म्हणजे युरोपात विश्वास आणि उधारी एका छपराखाली नांदतात. मराठीत श्रद्धा देवघरात गेली आणि उधारीसाठी ‘पत’ हा वेगळाच शब्द रुळला.

पेढीवाला
मी एकतीस वर्षं पतसंस्थेत काढली, म्हणून बोलतो. विश्वास आणि पत एक नव्हे. समोर बसलेला माणूस अगदी खरं बोलतो, “शेळ्या घेणार आहे” म्हणतो आणि खरोखर शेळ्याच घेणार असतो. शब्दावर शंभर टक्के विश्वास, तरी कर्ज नामंजूर. दुसरा पक्का थापाड्या, पण थकबाकी शून्य आणि जामीनदार दोन खणखणीत. त्याची पत आहे. निळाईताई, तुमच्या पक्षाचं नेमकं काय बिघडलं ते सांगा, मग शब्द सापडेल.

निळाई
पेढीवाले काका, शेळ्यांचं उदाहरण भलतंच लागू पडतंय. सांगते.
मार्च १९९८. माग्डेबुर्गच्या अधिवेशनात पक्षाने ठराव केला : पेट्रोलवरचा कर टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि दहा वर्षांत लिटरमागे ५ मार्क (युरोआधीचं इथलं चलन) भाव करायचा. तेव्हा भाव दोन मार्कांच्याही खाली होता. देशभर बोंब उठली. पुढच्याच महिन्यात त्याच माग्डेबुर्गची, म्हणजे ती ज्या राज्याची राजधानी आहे त्या सॅक्सनी-आनहाल्टची निवडणूक होती. पक्षाला ३.२ टक्के मतं पडली आणि तो विधानसभेबाहेर गेला. सप्टेंबरात संसदेच्या निवडणुकीत मात्र ६.७ टक्के मिळाले आणि सोशल डेमोक्रॅट नेते श्र्योडर यांच्याबरोबर पक्ष सत्तेत आला.
२०१३ ची कथाही तशीच. ८० हजार युरोंपुढच्या उत्पन्नावर ४९ टक्के कर लावू, तेव्हाच्या ४२ ऐवजी, असं जाहीरनाम्यात आकड्यांसकट छापलं. भरीला सार्वजनिक कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस बिनमांसाचा. मतं १०.७ वरून ८.४ वर आली.

पेढीवाला
बघा. दोन्ही वेळा कोणी म्हणालं का, की हे खोटं बोलताहेत? नाही. लोकांचा विश्वास होता, त्याचीच तर धास्ती होती! हे खरंच ५ मार्क करतील म्हणून मत दिलं नाही. शब्द खरा, पण तिजोरीची किल्ली द्यावी इतकी पत नाही. इथे ‘विश्वासार्हता गमावली’ लिहिलंत तर वाचक उलटं समजेल.

तिरकस
काका, पण पत पैशाचीच असते. पक्षाच्या बाबतीत प्रतिष्ठा म्हणा की.

पेढीवाला
प्रतिष्ठा लग्नपत्रिकेत असते. पत व्यवहारात मिळते आणि खर्चही होते.

निळाई
पण मग सत्तेत आल्यावरचं काय? १ एप्रिल १९९९ पासून ‘इकोश्टॉयर’, म्हणजे पर्यावरण कर (श्टॉयर म्हणजे कर), लागू झाला. पेट्रोलवर दरवर्षी लिटरमागे साधारण ६ फेनिग (मार्काचा शंभरावा भाग), असे २००३ पर्यंत पाच टप्पे, एकूण युरोच्या हिशेबात १५ सेंटच्या आसपास. कुठे ते ५ मार्क! कारखान्यांना सवलतीचा दर आणि कोळशाला तर हातच लावला नाही. जमा झालेल्या पैशातला मोठा वाटा गेला पेन्शन निधीला, म्हणजे पगारातून कापली जाणारी पेन्शनची वर्गणी कमी व्हावी म्हणून. यामागे विचार होता : मेहनत स्वस्त करायची, प्रदूषण महाग करायचं. पण लोकांनी ‘पेन्शनसाठी गाडी पळवा’ अशी टर उडवली. इथे कुठला शब्द?

यास्काचा शेजारी
इथे ‘दानत’. कर घेण्याला हरकत नाही, पण घेणाऱ्याची दानत काय, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. किंवा ‘नियत’. नाव निसर्गाचं आणि पैसा भलतीकडे, असं दिसलं की माणूस नियतीवर बोट ठेवतो. (नियत, दैववाली नियती नव्हे; सामान्यरूपात दोघी सारख्याच दिसतात, मुद्रितशोधकाला सांगून ठेवा.)

सोलापूरकर
हे वाचून पगाराची स्लिप आठवली. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ साली रोजगार हमीसाठी आणला, हे कापून घेणाऱ्या दहांपैकी कितीजण जाणतात? तिथे नावात उद्देश नाही म्हणून कोणी भांडत नाही. जर्मनांनी नावातच ‘इको’ घातलं आणि अडकले. आपल्याकडे पंधरा वर्षं झालेल्या गाडीला आरटीओ ‘पर्यावरण कर’ लावतं, त्याचा जाबही कोणी त्या नावावरून विचारत नाही.
आणि ‘वेल्थ टॅक्स’ला मालमत्ता कर लिहू नका हं. इथला वाचक महापालिकेचं बिल समजेल. संपत्ती कर लिहा. तो भारतात १९५७ ते २०१५ होता, माहितीचा शब्द आहे.

निळाई
बरं झालं सांगितलंत, मी मालमत्ताच लिहिलं होतं! जर्मनीत तो कर १९९७ पासून वसूलच होत नाही, त्याआधी दोन वर्षं इथल्या घटना न्यायालयाने त्याच्या आकारणीत दोष काढला होता. २०१३ ला पक्षाने तो थेट न मागता आधी ‘आबगाबे’ मागितली, म्हणजे ठरावीक मुदतीची वसुली.

सोलापूरकर
उपकर नको, तो कराच्या डोक्यावर बसतो. ‘एकवेळची संपत्ती-पट्टी’? पट्टी म्हटलं की वर्गणीसारखी वाटणी आपोआप येते.

तिरकस
आणि वर्गणीसारखी टाळाटाळही. घ्या पट्टी.

निळाई
घेतली. आता ‘लेंकुंग्सश्टॉयर’, म्हणजे महसुलापेक्षा लोकांची सवय बदलावी म्हणून लावलेला कर. नियामक कर?

यास्काचा शेजारी
नियामक म्हटलं की फायलींचा गठ्ठा दिसतो. ‘वळण लावणारा कर’ म्हणा. ‘श्टॉयर्न’ म्हणजे सुकाणू धरणंच की. मूळ ‘श्टॉयर’चा जुना अर्थ मात्र आधार, मदत. मुलीला लग्नात देतात त्या आंदणाला ‘आउसश्टॉयर’ म्हणतात, ते त्यातलंच.

निळाई
वा! मग परिच्छेद असा केलाय : “१९९८ साली ग्रीन पक्षाच्या शब्दावर लोकांचा पुरेपूर विश्वास होता, पत नव्हती. सत्तेत आल्यावर पत थोडी जमली, तर दानतीवर शंका सुरू झाली.” पक्षातल्या दोन गटांना, व्यवहार बघणारे रेआलो आणि तत्त्वाला चिकटलेले फुंडी, जहाल-मवाळ म्हटलं तर चालेल?

पेढीवाला
चालेल, पण क्रम उलटा करा. तुमचे रेआलो मवाळ.