मदत हवी आहे: कौलारू वाडा, पन्हळीपाशी गळती

सदाशिव पेठेतल्या आमच्या दुमजली वाड्यावर मंगलोरी कौलं आहेत. काहींवर 'बासेल मिशन १८६५' असा छाप आहे (ते कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल, वाड्याचं नव्हे!). दोन उतार मिळतात त्या पन्हळीपाशीच गळतं. मे महिन्यात कौलं चाळून घेतली, फुटकी चाळीसेक बदलली, पन्हळीच्या पत्र्याला डांबरी पट्टी मारली. पहिल्याच जोरदार सरीत भिंतीवर पुन्हा तेच ओघळ. सागवानी वासे टोचून पाहिले, ठणठणीत आहेत. पन्हळीलगतच्या दोन रिपा (वाशांवरच्या, कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) मात्र नखानं खरवडल्या तरी भुसा पडतो. कौलं काढून पत्रे घालायचे नाहीत. वर भाडेकरू आहेत, त्यामुळे सगळं छप्पर एकदम उघडता येणार नाही. पन्हळीच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन ओळी उतरवून खाली रुंद जस्ती पत्रा घातला तर पुरेल, की रिपा सगळ्याच बदलाव्या लागतील?