थोरांग ला खिंडीपासून माघार: गाइडचे चुकले की आमचे?

रंकाळाकाठ:
नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात कोल्हापुरातील आम्ही सहा जण नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेसाठी गेलो होतो. खिंडीअलीकडच्या मनांग गावापर्यंतची वाटचाल ठरल्याप्रमाणे झाली. पुढे सुमारे ४,००० मीटर उंचीवरील याक खर्कला पोहोचलो त्या दुपारी आभाळ भरून आले, रात्री हिमवर्षाव सुरू झाला आणि सकाळी लॉजच्या पायऱ्यासुद्धा दिसेनाशा झाल्या. गाइडने ५,४१६ मीटर उंचीची थोरांग ला खिंड ओलांडण्यास स्पष्ट नकार देऊन आम्हाला मनांगला परत आणले. तिसऱ्या दिवशी आकाश मोकळे झाले आणि दोन गट खिंड पार करून गेल्याचे नंतर समजले. परंतु परतीच्या विमानाची तारीख गाठायची असल्यामुळे आम्ही तोवर बेसीशहरकडे उतरायला लागलो होतो. खिंडीपलीकडील मुक्तिनाथाचे दर्शन आईच्या वतीने घ्यायचे होते, तेही राहिले, कारण पोखऱ्याहून जोमसोमला जाणारे विमान दोन दिवस उडालेच नाही.

आता आमच्यातच दोन तट पडले आहेत. तिघांच्या मते गाइड भित्रा निघाला. सहल आखणारी कंपनी हवामानाकडे बोट दाखवून पैसे परत करण्यास तयार नाही. पुढील वर्षी पुन्हा जायचे आहे, तेव्हा नेमके काय बदलावे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

जुना वाटसरू:
दादा, त्या गाइडला एखादे आभाराचे पत्र पाठवा. याच खिंडीत २०१४ साली काय घडले ते आपल्या तिन्ही मित्रांना सांगा. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याचा उरलेला जोर उत्तरेकडे सरकत दोन दिवसांत अन्नपूर्णेच्या परिसरात हिमवादळ होऊन कोसळला. किमान ४३ माणसे दगावली. खिंडीजवळच्या चहाच्या खोपटात आसरा घेतलेल्यांपैकी काही जण भर वादळात मुक्तिनाथाच्या बाजूने उतरू लागले आणि वाट हरवून बसले. तिकडचा उतार सुमारे १,६०० मीटरचा आहे. समोरचा माणूस दिसत नसताना तो उतरणे म्हणजे काय, हे इथे बसून समजणार नाही.

आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस आटोपतो, म्हणून ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ आकाश असे आपण धरून चालतो आणि नेपाळमध्येही बहुतेक वर्षी ते खरे ठरते. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही काळ आहे. त्यामुळे मनांगमध्ये बसून केवळ डोंगरावरचे ढग न्याहाळण्यापेक्षा भारतीय हवामान विभागाने आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी दिलेले इशारे रोज पाहावेत. दोन-तीन दिवसांची पूर्वसूचना त्यातूनच मिळते.

दोन गट तिसऱ्या दिवशी पार झाले, यावरून पहिल्या दिवशी आपणही झालो असतो असे सिद्ध होत नाही. ताज्या, जड बर्फानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हिमकडे कोसळण्याचा धोका सर्वाधिक असतो. आपण जुलैच्या मुसळधार पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीला निघतो, मसाई पठारावर चिंब भिजतो आणि रात्री एखाद्या वाडीत गरम भाकरी खाऊन झोपतो, त्यामुळे खराब हवामानाची आपल्याला सवय आहे असा एक गोड गैरसमज कोल्हापूरकरांत असतो (माझ्यातही होता). थोरांगवर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच मिळतो आणि हाकेच्या अंतरावर वाडी नसते.

चिखलीची लेक:
माझे माहेर प्रयाग चिखलीचे, म्हणून मला हा प्रश्न पुराच्या भाषेत लवकर कळतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जनावरे केव्हा हलवायची, हे पाणी दारात आल्यावर ठरवायचे नसते. २०१९ साली ज्यांनी ते तसे ठरवले त्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. आम्ही अन्नपूर्णेला जाताना असेच दोन आकडे घरूनच वहीत लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या होत्या: कोणत्या तारखेपर्यंत खिंडीच्या पायथ्याला पोहोचलो नाही तर परतायचे आणि किती दिवस सलग बर्फ पडला तर वाद न घालता उतरायचे. गाइडचा नकार अंतिम, हेही त्यातच होते. त्यामुळे वर गेल्यावर कोणी भित्रा ठरला नाही.

दुसरे म्हणजे, आपल्या वेळापत्रकात एकही राखीव दिवस नव्हता आणि माझ्या मते खरी चूक तीच आहे. किमान तीन ठेवा आणि त्यांतील दोन मनांगलाच ठेवा. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे थांबायचेच असते, त्यामुळे ते वाया जात नाहीत. जोमसोमच्या विमानाच्या भरवशावर तर पुढचे काहीच ठरवू नये. जोमसोम ज्या कालीगंडकी नदीच्या खोऱ्यात आहे, तिथे दुपारकडे वारा इतका वाढतो की उड्डाणे सकाळीच होतात. सकाळ ढगाळ गेली की दिवस गेला.

पैशांबाबत मात्र फार आशा ठेवू नका. वापरल्याच न गेलेल्या मुक्कामांचे पैसे मागून पाहा. यापुढे विमा घेताना उंचीची मर्यादा किती, हेलिकॉप्टरचा खर्च त्यात येतो का आणि हवामानामुळे सहल अर्धवट राहिल्यास काय मिळते, हे तिन्ही लेखी विचारा. अनेक साध्या प्रवास विम्यांत ठरावीक उंचीपुढील पदभ्रमण धरलेलेच नसते.

करवीरचा गडी:
आपल्याच कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२१ साली खराब हवामानामुळे एव्हरेस्टवरून माघारी आली होती आणि २०२२ साली तिने शिखर गाठले. तिला कोणी भित्री म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

रंकाळाकाठ:
सर्वांचे आभार. ताई, वहीची कल्पना आजच गटाला कळवली. तिघांपैकी दोघे सही करायला तयार आहेत, तिसऱ्याचे मन अजून खिंडीतच अडकले आहे. पुढच्या वेळी आईला पोखऱ्याहून जीपने मुक्तिनाथाला आणावे आणि आम्ही पलीकडून उतरून तिला भेटावे, असा विचार आहे. तिचे वय ७१ आहे. तिला एका दिवसात एवढ्या उंचीवर नेणे योग्य होईल का?

जुना वाटसरू:
एका दिवसात नेऊ नका. पोखरा ९०० मीटरच्याही खाली आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. वाटेत जोमसोमला, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर, किमान एक रात्र मुक्काम करावा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. आपण खिंडीतून वेळेत उतरलो नाही, तर दर्शन घेऊन आईंना खाली कोण आणणार, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.